तिकीटमास्तरांची पोच

आमचे तिकीटमास्तर जन्माला आले तेव्हा त्यांनी सुइणीकडे पावती मागितली असणार, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. "मुलगा एक, सुखरूप मिळाला" असं लिहून खाली तिचा अंगठा घेतल्याशिवाय त्यांनी पहिलं रडूही काढलं नसेल. मी हे थट्टेनं लिहीत नाही. ओटीलगतच्या माझ्या खोलीत ते दहा-अकरा वर्षं राहिले आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाचं काही घेतलं आणि त्याचा कागद केला नाही, किंवा कुणाला काही दिलं आणि त्याचा कागद मागितला नाही, असं एकदाही झालं नाही.

आमचे हे मुंबईला गोदीत होते. तापाचं निमित्त झालं आणि गेले. घराच्या वाटण्या झाल्या त्यात माजघर, स्वयंपाकघर आणि ओटीलगतची ती खोली माझ्याकडे आली. सासूबाई माझ्याजवळ राहिल्या. भिंतीपलीकडे मोठे भावजी. वाडीतल्या सुपारीचा हिशेब ते बघत आणि आम्हा दोघींना पुरतील एवढे तांदूळ घालत. पण मीठ, रॉकेल, लुगडं यांना रोकड लागते, आणि ती मिळण्याची एकच जागा होती, ती खोली. भावजींनीच भाडं सात रुपये ठरवलं आणि रेवदंड्याच्या बंदरावर मुंबईच्या बोटीची तिकिटं देणारे मास्तर आमच्याकडे बिऱ्हाडाला आले. बिऱ्हाड म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी, आणि लाकडाच्या गोल बुडावर उभी केलेली एक लोखंडी तार. ती कशाला, हे आम्हाला पहिल्या तारखेला कळलं.

उंच, किडकिडीत माणूस. डोक्याला काळी टोपी, अंगात चार खिशांचा कोट, आणि चारही खिशांत निरनिराळ्या जातीचे कागद. कानावर जांभळी पेन्सिल. ती जिभेला लावून लिहायची सवय, त्यामुळे खालचा ओठ बाराही महिने जांभळं खाल्ल्यासारखा. पहिल्या तारखेला त्यांनी उंबऱ्यावर पैसे मांडले. सात रुपये आणि वर तीन आणे. मी दाराआड होते. परक्या पुरुषापुढे जायची मला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर आपल्या माणसांपुढेही माझं तोंड फारसं उघडत नसे. सासूबाईंनी विचारलं, हे वरचे तीन आणे कसले? मास्तर म्हणाले, विहिरीच्या दोराचे. मी रोज पाणी काढणार, दोर झिजणार. सासूबाईंनी त्यांच्याकडे जरा काळजीनं बघितलं आणि पैसे उचलले. तरी मास्तर उभेच.

"काकी, पावती?"

"पावती? देवलात पैसं टाकता, तवा पावती घेता काय?"

"मागतो. पुजारी देत नाही."

सासूबाईंना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी दाराआड माझ्याकडे बघून हातानं खूण केली, लिही बाई काय ते. मी चौथीत पाटी ठेवली, त्यानंतर हातात काही धरलं नव्हतं. मास्तरांनी कागद दिला, दौत दिली, टाक दिला. चार ओळी लिहायला मला अख्खी दुपार लागली. सासूबाई कागद घेऊन बाहेर गेल्या. मास्तरांनी तो उजेडात धरून वाचला, तारेत टोचला आणि म्हणाले, "काकी, वहिनींचं अक्षर वळणदार आहे हो." माझ्या अक्षराबद्दल कुणी काही म्हणण्याची ती पहिलीच वेळ. दौत आणि टाक त्यांनी परत नेले नाहीत. मी ते माजघराच्या कोनाड्यात ठेवले.

पुढे पावत्यांना सुमार राहिला नाही. सासूबाईंनी एकदा वाटीभर वालाचं बिरडं पाठवलं. संध्याकाळी वाटी घासूनपुसून परत आली आणि आत चिठ्ठी: "वालाचे बिरडे, पितळी वाटीने, भरून मिळाले. वाटी परत केली आहे. पोच द्यावी." सासूबाईंना राग आला तो चिठ्ठीचा नव्हे, रिकाम्या वाटीचा. शेजारची वाटी रिकामी परत करतात का कुठे? हे मास्तरांच्या कानावर गेलं तेव्हा ते फार ओशाळले. पुढच्या खेपेपासून वाटीत खडीसाखरेचे दोन खडे येऊ लागले, आणि चिठ्ठीत एक ओळ वाढली, "वाटीत खडीसाखर आहे." मग त्या खडीसाखरेची पोच आम्ही द्यायची. एकदा आमच्या कोंबडीनं त्यांच्या वळकटीवर अंडं घातलं. मास्तर दोन्ही हातांत ते धरून ओटीवर आले. "अंडे एक, आपल्या कोंबडीचे, माझ्या खोलीत आढळले, ते मालकास पोचते केले." या कागदावर त्यांना माझी सही नको होती, कारण कोंबडी सासूबाईंची होती. सासूबाईंनी चुलीची काजळी अंगठ्याला लावली आणि कागदावर उठवला. मग म्हणाल्या, "सरकारात बी यवडं आंगठं दिलं न्हाईत मी." पण त्यांना ते आवडायला लागलं होतं. कुणी काही न्यायला आलं की त्या आपणहून काजळीकडे हात नेत.

बंदरावरची त्यांची गोष्ट खलाशी येऊन सांगायचे. मास्तरांना कधी स्वतःलाच मुंबईला जायचं असलं तर ते कचेरीच्या बाहेर येत, खिडकीपुढे उभं राहून आत पैसे ठेवत, वळसा घालून आत जात, तिकीट फाडत, ते खिडकीत ठेवत, पुन्हा वळसा घालून बाहेर येत, तिकीट उचलत आणि सुटे पैसे मोजून घेत. तोवर बोट भोंगा देऊन देऊन दमलेली असे. बोट हाकणाऱ्या सारंगानं एकदा विचारलं, मास्तर, आतल्या आत नाही का काढता येत? मास्तरांनी उत्तर दिलं की तसं केलं तर विकणारा कोण आणि घेणारा कोण हे मागाहून कळायचं कसं?

त्यांची वर्षाची दिवाळी मात्र मे महिन्यात असे. वीस रुपयांच्या आतल्या पावतीला सरकारी तिकीट लावायचं कारण नसतं, आणि आमचं भाडं सात रुपये तीन आणे. याचं मास्तरांना फार वाईट वाटे. पण पावसाळ्यात बोट बंद, तेव्हा तीन महिन्यांचं भाडं ते आधीच एकरकमी देत, आणि ती रक्कम विसाच्या वर जाई. त्या दिवशी ते आंघोळ करून, धुतलेला कोट घालून येत. एक आण्याचं तिकीट स्वतः आणत, स्वतः चिकटवत आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाबत. मग कागद आत येई आणि मी तिकिटावर अर्धी आणि कागदावर अर्धी अशी सही करत असे. सासूबाई म्हणत, लग्नात यवडी कालजी घेतली न्हाई कुनी.

नवे पैसे आले तेव्हा तीन आण्यांचे पावणेएकोणीस पैसे होतात हे मास्तरांच्या लक्षात आलं आणि ते दोन दिवस जेवले नाहीत. पाव पैसा द्यायचा कसा? शेवटी त्यांनीच तोड काढली. तीन महिने एकोणीस पैसे आणि चौथ्या महिन्यात अठरा. चौथ्या महिन्याच्या पावतीवर कारण लिहायचं. मी ते लिहीत असे.

आता कुणी म्हणेल, हा माणूस वेडाच. मलाही तसं वाटे. पण दाराआड उभं राहणाऱ्या माणसाला पुष्कळ दिसतं. आमच्या आळीत पोस्टमन यायचा. भावजींना पत्र, शेजारच्यांना मनिऑर्डर, कुणाला लग्नाची कुंकवाची पत्रिका. मास्तर सुटीच्या दिवशी ओटीवर बसलेले असले की पोस्टमन त्यांना रामराम करी आणि पुढे जाई. इतक्या वर्षांत त्यांच्या नावचं एक कार्डसुद्धा आलं नाही. त्यांना लिहिणारं कुणी नव्हतं. महिन्यातून एकदा मी "श्री. तिकीटमास्तर यांजकडून" असं लिहायची, तेवढंच त्यांचं नाव कुणाच्या हातचं त्यांच्यापर्यंत येत असे. आणि मला तरी दुसरं कुणाला लिहायचं होतं? माझं सगळं लिहिणं म्हणजे त्या पावत्या. अक्षर चांगलं यावं म्हणून मी आदल्या दिवशी चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवून बघत असे, हे सासूबाईंनासुद्धा माहीत नव्हतं.

मग तो कुळांचा कायदा आला. कसणाऱ्याला जमीन मिळणार, अशी गावोगाव चर्चा. भावजींचं खाडीकडचं एक शेत कुळाकडे होतं. कुळानं शेताच्या भाड्याच्या, म्हणजे खंडाच्या, पावत्या वर्षानुवर्षं जपून ठेवल्या होत्या. त्यानं त्या नेऊन दाखवल्या आणि शेत त्याचं झालं. भावजी घरी आले ते दोन दिवस जमिनीचे कागद उलटसुलट करत बसले. तिसऱ्या दिवशी आमच्या माजघरात आले आणि मला म्हणाले, "त्या मास्तराला कागद देणं बंद. तारेला टोचून ठेवतो तो उगाच नाही. उद्या तो खोली मागेल, आणि तू आणि आई काय खाणार?"

ती खोली गेली तर माझ्या हाती काहीच उरत नव्हतं. पुढचं आयुष्य भावजींच्या ताटाखाली काढायचं. आणि खरंच, मास्तर इतके कागद का जपतात? मला काही ठरवता येईना, आणि विचारण्याइतकं धाडस तर नव्हतंच. मी आपली सबबी सांगू लागले. पहिल्या महिन्यात सासूबाईंकडून निरोप दिला, शाई संपली. मास्तरांनी संध्याकाळी शाईची पूड आणली. दुसऱ्या महिन्यात टाकाचं टोक मोडलं. त्यांनी अलिबागहून नवी टोकं मागवली, चांगली डबीभर. तिसऱ्या महिन्यात मी सांगितलं, हात दुखतो. मास्तर घाबरेघुबरे होऊन वैद्याकडून तेल घेऊन आले आणि उंबऱ्यावर बाटली ठेवून म्हणाले, काकी, पावतीची घाई नाही, आधी वहिनींचा हात बरा होऊ दे.

सासूबाईंना ते सहन झालं नाही. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नसे.

"हात न्हाय दुकत तिचा. तिच्या दिरानं सांगितलंय, कागूद दिला का मास्तर खोली गिलनार. ती भ्यालीय."

मास्तरांनी तेलाच्या बाटलीचं बूच घट्ट केलं आणि ते वळले. आत गेले. मला वाटलं आता ट्रंक भरणार. पण ते तार घेऊन बाहेर आले. तारेवर वर्षानुवर्षांचे कागद, वीतभर जाड. म्हणाले, "काकी, न्हाणीच्या चुलीत विस्तव आहे का?"

"हाय की. या वक्ताला आंगोल करताय काय?"

ते मागल्या दारी गेले, चुलाणापुढे उकिडवे बसले आणि तारेवरून एकेक कागद काढू लागले. मी न्हाणीच्या कुडाआड उभी होते. बिरड्याच्या वाटीची पोच आली की ती धुण्याच्या दगडावर ठेवत. अंड्याची, खडीसाखरेची, सगळ्या दगडावर. भाड्याची पावती आली की ती ओठांतल्या ओठांत वाचत आणि चुलीत घालत. एकही न वाचता घातली नाही. मे महिन्यातली तिकिटाची पावती आली तेव्हा त्यांचा हात थांबला. सासूबाई म्हणाल्या, "वरचं तिकीट तरी काडून घ्या. आना पडलाय त्याला."

"त्यावर वहिनींची सही आहे, काकी," ते म्हणाले, आणि तीही घातली.

सगळं झाल्यावर त्यांनी दगडावरच्या चिठ्ठ्या पुन्हा तारेत टोचल्या. मग कुडाकडे न बघता, पण मला ऐकू यावं अशा बेतानं म्हणाले, "तो कायदा शेतजमिनीचा आहे. खोलीला लागत नाही. पण सांगणारा मीच, तेव्हा त्याचा उपयोग नाही. आता माझ्याजवळ भाड्याचा कागद उरला नाही. हे राहिलेत त्यांनी कुणाची खोली जात नाही. पैसे उंबऱ्यावर ठेवत जाईन, मोजून घ्या." सासूबाईंनी हंड्यात बोट बुडवून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, पानी मात्र चांगलं तापलं.

पुढचा महिना मी कसा काढला, माझं मला माहीत. पहिली तारीख आली. मास्तरांनी पैसे ठेवले, सवयीनं क्षणभर उभे राहिले, हात वरच्या खिशाकडे गेला, तिथून परत आला, आणि ते बंदरावर निघून गेले. मी त्या नाण्यांकडे बघत बसले. पावतीशिवाय आलेले पैसे मला माझे वाटेनात. भीक घातल्यासारखे दिसत होते ते. खोली कोण घेईल याची मला भीती होती, पण खोली माझी आहे असं मी अजून एकदाही कुणाला म्हटलं नव्हतं. माझ्या हातचे कागद होते तेवढाच त्याचा काय तो पुरावा, आणि ते मास्तरांनी माझ्याचसाठी जाळले होते.

त्याच्या पुढल्या पहिल्या तारखेला भावजी ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मास्तरांनी उंबऱ्यावर पैसे ठेवले आणि वळले. मी पदर डोक्यावरून घेतला आणि दारातून बाहेर पाऊल टाकलं. हातात पावती होती, तुंबलेल्या पाचही महिन्यांची मिळून, वर सरकारी तिकीट लावलेली.

"मास्तर, पावती."

माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी आधी भावजींकडे बघितलं. "नको, वहिनी. असू द्या."

अडकित्ता थांबला. भावजी म्हणाले, "मी काय सांगितलं होतं?"

मी पावती पुढेच धरून ठेवली. मी म्हटलं, "खोली माझ्या वाटणीची आहे, भावजी. पावती मी देणार."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "आन् मी आंगठा देनार."

भावजी उठून आत गेले ते गणपतीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. खोली कुठेही गेली नाही. पुढे त्यांनी गोठ्याशेजारची पडवी एका शिंप्याला भाड्यानं दिली तेव्हा पहिल्या तारखेला स्वतःच कागद घेऊन आले आणि घसा खाकरून म्हणाले, तुझं अक्षर बरं आहे, जरा चार ओळी लिहून दे. तेव्हापासून त्या घरात पावत्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. मास्तरांनी मात्र त्या दिवशीची पावती तारेला टोचली नाही. उभ्याउभ्या दोनदा वाचली, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

मग रस्ते झाले, एसटी घरापर्यंत यायला लागली, बोटीला माणसं कमी झाली आणि कंपनीनं बंदरावरची कचेरी बंद केली. मास्तरांची देशावर कुणी लांबची भाची होती, तिच्याकडे जायचं ठरलं. निघायच्या दिवशी ओटीवर ट्रंक, वळकटी आणि तार. त्यांनी खोलीची चावी माझ्या हातात दिली. आता मी दाराआड नसायची. त्यांनी मागण्याआधीच मी कागद लिहून ठेवला होता. "खोलीची चावी एक, पोचली. येणे काही नाही, देणे काही नाही."

मास्तरांनी वाचला. म्हणाले, "वहिनी, शेवटची ओळ चुकली आहे." पेन्सिल जिभेला लावली, ती ओळ खोडली, खोडल्याबद्दल बाजूला आद्याक्षर घातलं आणि कागद आतल्या खिशात ठेवला. बरोबर काय हवं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सासूबाईंनी वाटेसाठी भाकरी आणि सुकटीची चटणी दिली ती पितळी वाटीत घालून. वाटी परत कशी येणार, हे कुणीच बोललं नाही.

ती आली. दिवाळीच्या आधी पार्सल आलं, आत वाटी, वाटीत खडीसाखर, आणि एक कार्ड, "पोच द्यावी." आयुष्यात मी लिहिलेलं पहिलं पत्र म्हणजे त्या वाटीची पोच. आठ दिवसांत तिचीही पोच आली. मग दर दिवाळीला असंच. त्यांचं कार्ड, माझी पोच, माझ्या पोचेची त्यांची पोच. सासूबाई म्हणायच्या, ह्यो खेल थांबनार कुटं? तो थांबेल असं मला कधी वाटलं नाही, कारण थांबवायला कुणीतरी पोच द्यायची चुकवायला हवी, आणि आम्हा दोघांपैकी कुणी चुकवणारं नव्हतं.

गेल्या दिवाळीला त्यांचं कार्ड आलं. अक्षर जरा थरथरलेलं होतं. मी त्याच दिवशी पोच टाकली. तिची पोच अजून आलेली नाही. सासूबाई आता अंथरुणावरच असतात. पोस्टमनची सायकल वाजली की विचारतात, आली काय गं मास्तरची? मी म्हणते, येईल. पावसात डाक उशिरा येते. मास्तर पोच दिल्याशिवाय कुठे जायचे नाहीत.

कोनाड्यातली दौत वाळू नये म्हणून मी तीत अधूनमधून थोडं पाणी घालते. हे लिहिलं ते त्याच शाईनं.